इंडक्टरचा आकडा एककाशिवाय लिहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याचे वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे रबाळे, महापे, तुर्भे या भागांत एलईडी ड्रायव्हर, बॅटरी चार्जर, पॉवर सप्लाय, कार्ड रीडर असले बोर्ड तयार करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. तंत्रनिकेतनांची आणि अभियांत्रिकीची मुले प्रोजेक्टसाठी, उमेदवारीसाठी तिथेच येतात. या कामात रेझिस्टर आणि कपॅसिटर सहसा फसवत नाहीत. फसवतो तो इंडक्टर, म्हणजे तारेचे वेढे घातलेली कॉइल, आणि बहुतेक वेळा एककामुळे. आकडा बरोबर असतो, पण तो मिलिहेन्रीत आहे की मायक्रोहेन्रीत, नॅनोत आहे की 'शंभर वेढ्यांमागे', हे कागदावर नसते. डिझाइन करणारा, माल मागवणारा, विकणारा आणि बोर्डावर टाका मारणारा असे चौघे तोच आकडा आपापल्या परीने वाचतात. मराठीत यावर तपशिलाने क्वचितच लिहिले जाते, म्हणून पत्र लांबले आहे. जागा द्यावी, ही विनंती.

मूळ हिशेब सगळ्यांना पाठ असतो. प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या वेगाने बदलत असताना ज्या कॉइलच्या टोकांवर एक व्होल्ट तयार होतो, तिचा इंडक्टन्स एक हेन्री. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांचे नाव १८९३च्या शिकागो विद्युत परिषदेत या एककाला मिळाले. एका हेन्रीत १,००० मिलिहेन्री, १०,००,००० मायक्रोहेन्री आणि १,००,००,००,००० नॅनोहेन्री. प्रत्येक पायरी हजाराची. परीक्षेत विचारले तर कोणीही सांगेल. घोळ होतो तो आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना.

म्हणून कोणते एकक कुठे शोभते, याचा अंदाज आधी पक्का हवा. ४० वॅटच्या जुन्या ट्यूबलाइटचा लोखंडी चोक साधारण सव्वा ते दीड हेन्रीचा. पॉवर सप्लायच्या तोंडाशी मेनचा गोंगाट अडवणारा कॉमन मोड चोक काही मिलिहेन्रींचा. स्विचिंग सप्लायमधला मुख्य इंडक्टर एका मायक्रोहेन्रीपासून काहीशे मायक्रोहेन्रीपर्यंत. वायरलेसच्या बोर्डावरचे इवले इंडक्टर एक ते काहीशे नॅनोहेन्रींचे. बोर्डावरच्या बारीक ट्रॅकलाही मिलिमीटरमागे अदमासे एक नॅनोहेन्री असतोच, आणि एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या व्हायालाही तितकाच. हे चित्र डोळ्यापुढे असेल तर यादीत 'स्विचिंग सप्लाय, १०० मिलिहेन्री, ३ अँपिअर' असे दिसताच हात थांबतो.

तो का थांबायला हवा, हे आकड्यांतही दिसते. इंडक्टरमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन. १०० मिलिहेन्री आणि ३ अँपिअर असेल तर ती ०.४५ ज्यूल होते. १०० मायक्रोहेन्री असेल तर ०.४५ मिलिज्यूल. नखाएवढ्या कोअरमध्ये, म्हणजे तार ज्यावर गुंडाळतात त्या गाभ्यात, अर्धा ज्यूल मावत नाही. त्याला मुठीत न मावणारा, हवेची फट ठेवलेला लोखंडी कोअर लागतो. मिलि-मायक्रोचा संशय आला की हा गुणाकार कागदाच्या कोपऱ्यात करावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

कपॅसिटरच्या बाबतीत असा घोळ झाला तरी निभावते. बोर्डाच्या यादीत '१०० मिलिफॅरड' लिहिलेले दिसले तर दुकानदारच मनातल्या मनात मायक्रो करून घेतो, कारण तेवढा मोठा कपॅसिटर साध्या बोर्डावर कोणी लावत नाही. इंडक्टरला ही सवलत नाही. १० मिलिहेन्री आणि १० मायक्रोहेन्री दोन्ही बाजारात मिळतात, दोन्ही एकाच डमरूच्या आकाराच्या कोअरवर, काळ्या नळीत, दोन पायांचे. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मागितले तर जे मागाल तेच मिळेल, आणि ते चुकीचे आहे हे काउंटरवर कोणाच्याच लक्षात येणार नाही. एक खूण मात्र आहे. १० मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये बारीक तारेचे शेकडो वेढे असतात, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर तिचा रोध दोन आकडी ओहममध्ये दिसतो. १० मायक्रोहेन्रीच्या जाड तारेच्या कॉइलचा रोध ०.१ ओहमच्याही खाली असतो आणि मीटर जवळजवळ शॉर्ट दाखवतो. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर हाताशी नसेल तेव्हा एवढ्या परीक्षेवरही हजारपटीची चूक पकडता येते.

आता हा म्यू नेमका कुठे गळतो? मायक्रोचे चिन्ह ग्रीक म्यू आहे आणि ते आपल्या कीबोर्डवर नाही. जुन्या 'सिम्बॉल' फॉन्टमध्ये म्यूचे चिन्ह इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी बसवलेले असते. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि फॉन्ट सापडला नाही, की म्यूच्या जागी सरळ 'एम' उमटतो. कोणी काही बदललेले नसते आणि मायक्रोहेन्रीचा मिलिहेन्री झालेला असतो. पीडीएफमधून मजकूर उचलून एक्सेलमध्ये टाकतानाही हेच होते. कधी म्यू पार नाहीसा होऊन नुसता 'एच' उरतो. स्टोअरच्या काही सॉफ्टवेअरना सगळी अक्षरे मोठी करायची सवय असते. तिथे मिलि आणि मेगा यांत फरक उरत नाही.

याहून कमी दिसणारी एक अडचण आहे. संगणकाच्या युनिकोडमध्ये म्यू दोन जागी आहे: एक खास मायक्रोचे चिन्ह म्हणून, दुसरे ग्रीक वर्णमालेतले अक्षर म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण यादीत शोध घेतला की अर्ध्याच ओळी सापडतात, एकाच भागाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात, आणि एकाच इंडक्टरच्या दोन ऑर्डरी निघतात. याला सोपा उपाय आहे, आणि तो आमच्या मते प्रत्येक कार्यालयाने सक्तीने पाळावा: यादीत म्यू वापरूच नये, त्याजागी इंग्रजी छोटा 'यू' लिहावा. शास्त्रीय लेखनात म्यूच योग्य, पण कारखान्याच्या यादीत सुरक्षितपणा आधी.

सर्किट संगणकावर चालवून पाहण्याच्या, म्हणजे सिम्युलेशनच्या, स्पाइस जातीच्या प्रोग्रॅममध्येही हीच काळजी हवी. तिथे अक्षर मोठे की छोटे याने फरक पडत नाही: 'एम' म्हणजे कायम मिलि, मेगासाठी 'मेग' असे पूर्ण लिहावे लागते आणि मायक्रोसाठी 'यू'. आकड्यापुढे काहीच लिहिले नाही तर प्रोग्रॅम सरळ हेन्री समजतो. नुसते '१०' लिहिले की १० मायक्रोहेन्रीऐवजी १० हेन्रीचा इंडक्टर बसतो. मग पडद्यावर प्रवाहाची रेघ जवळजवळ आडवीच राहते, सप्लायचा व्होल्टेज चढत नाही, आणि विद्यार्थी तासन्‌तास कंट्रोल लूपमध्ये दोष शोधत बसतो.

इंडक्टरच्या अंगावरचे कोड हा पुढचा खड्डा. कपॅसिटरवर तीन आकडे असतात तेव्हा पहिले दोन जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढची शून्ये, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. इंडक्टरवर रीत तीच, पण उत्तर मायक्रोहेन्रीत. १०१ म्हणजे १०० मायक्रोहेन्री, ४७१ म्हणजे ४७० मायक्रोहेन्री. पण ४७० म्हणजे ४७ मायक्रोहेन्री, कारण शेवटच्या शून्याचा अर्थ 'पुढे एकही शून्य नाही'. ४७० वाचून ४७० मायक्रोहेन्री समजणे ही या सगळ्यांतली सर्वांत जास्त होणारी चूक असावी, आणि ती करणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? दशांश चिन्हाच्या जागी 'आर' येतो: ४आर७ म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री, आर४७ म्हणजे ०.४७. 'आर'ऐवजी 'एन' दिसला तर तो नॅनो: ४एन७ म्हणजे ४.७ नॅनोहेन्री, ४७एन म्हणजे ४७ नॅनोहेन्री. शेवटी 'जे', 'के' किंवा 'एम' असेल तर ती अनुक्रमे ५, १० आणि २० टक्क्यांची सूट, म्हणजे आकडा तेवढा कमी-जास्त असू शकतो (टॉलरन्स). म्हणून '४७०के' वाचताना 'के'चा किलो करू नये आणि '१०१एम' वाचताना 'एम'चा मिलि करू नये.

त्यातही एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. काही कंपन्या आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या, कामाच्या चिप इंडक्टरवर हेच तीन आकडे नॅनोहेन्रीच्या हिशेबाने छापतात. तिथे १०१ म्हणजे १०० नॅनोहेन्री. एकाच बोर्डावर पॉवर इंडक्टरवरचा १०१ आणि आरएफ इंडक्टरवरचा १०१ यांत हजारपटीचा फरक असू शकतो. त्या त्या कंपनीच्या डेटाशीटमधला कोडचा तक्ता पाहण्यावाचून इलाज नाही. रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या, रंगीत पट्ट्यांच्या इंडक्टरचा हिशेब मात्र मायक्रोहेन्रीतच: तपकिरी-काळा-तपकिरी म्हणजे १०० मायक्रोहेन्री, तर पिवळा-जांभळा-सोनेरी म्हणजे ४.७. असा इंडक्टर रेझिस्टर समजून लावला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. मल्टिमीटर लावला की लगेच कळते.

स्वतः कॉइल गुंडाळायची असेल तर कोअरचा 'ए-एल' आकडा लागतो, आणि इथे सर्वांत जास्त थांबायला हवे, कारण ही चूक दहापटीची असते. हजारपटीची चूक ओरडून सांगते, दहापटीची गुपचूप बसते. ए-एल म्हणजे एका वेढ्याच्या वर्गामागे किती इंडक्टन्स मिळतो तो आकडा. फेराइट कोअरचे उत्पादक तो नॅनोहेन्री दर वेढा-वर्ग असा देतात. काही जुन्या तक्त्यांत तो मिलिहेन्री दर १,००० वेढे असा असतो. ही दोन्ही मापे आकड्याने तंतोतंत सारखी आहेत: हजाराचा वर्ग दहा लाख, आणि एका मिलिहेन्रीत दहा लाख नॅनोहेन्री. ए-एल २,००० असलेल्या कोअरवर १० वेढे घेतले तर १०० गुणिले २,०००, म्हणजे २,००,००० नॅनोहेन्री, म्हणजेच २०० मायक्रोहेन्री. इथवर ठीक.

लोहभुकटीच्या टोरॉइडची, म्हणजे कड्याच्या आकाराच्या कोअरची, रीत मात्र वेगळी. त्यांचा ए-एल परंपरेने मायक्रोहेन्री दर १०० वेढे असा छापला जातो. शंभराचा वर्ग दहा हजार, आणि एका मायक्रोहेन्रीत हजार नॅनोहेन्री. म्हणून हा आकडा नॅनोहेन्री दर वेढा-वर्गात आणायला दहाने भागावा लागतो. हौशी रेडिओवाले ज्याला टी-५०-२ म्हणतात तो लाल टोरॉइड घ्या. बाहेरचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तक्त्यात ए-एल ४९. हे ४९ म्हणजे ४.९ नॅनोहेन्री दर वेढा-वर्ग. १० मायक्रोहेन्री हवे असतील तर १० भागिले ४९, त्याचे वर्गमूळ, गुणिले १००. उत्तर ४५ वेढे. ज्याने ४९ला सरळ नॅनोहेन्री धरले त्याला १४ वेढे मिळतील, तो निष्ठेने १४ वेढे गुंडाळेल, आणि कॉइल भरेल जेमतेम ०.९६ मायक्रोहेन्री. केळ्यांचा भाव विचारताना डझनाचा की नगाचा हे आपण विचारतो. ए-एलचा आकडा वाचताना 'किती वेढ्यांमागे' हे तसेच विचारायचे.

प्रत्यक्ष गुंडाळताना आणखी दोन गोष्टी. टोरॉइडच्या भोकातून तार जितक्या वेळा गेली तितके वेढे. नुसती एकदा आरपार ओवली तरी तो एक वेढा झाला. बाहेरून मोजणारे एकाने चुकतात. ४५ वेढ्यांत एकाने फारसे बिघडत नाही, पण १० वेढ्यांच्या कॉइलमध्ये एक कमी पडला तर इंडक्टन्स १९ टक्क्यांनी उतरतो, कारण हिशेब वर्गाचा आहे. टी-५०-२वर ४५ वेढे एकाच थरात बसवायला २८ गेजची एनॅमल तार पुरते. त्याहून बरीच जाड घेतली तर शेवटचे वेढे एकमेकांवर चढतात आणि कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स वाढतो.

हवेच्या कोअरच्या कॉइलसाठी बहुतेक जण हॅरॉल्ड व्हीलर यांचे १९२८चे सूत्र वापरतात: त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले नऊ त्रिज्या अधिक दहा लांबी. उत्तर मायक्रोहेन्रीत येते, पण त्रिज्या आणि लांबी इंचांत घातली तरच. ५ मिलिमीटर त्रिज्येची, २० मिलिमीटर लांबीची, ४० वेढ्यांची कॉइल घ्या. मिलिमीटरचे आकडे तसेच घातले तर उत्तर १६३ मायक्रोहेन्री. प्रत्यक्षात ती कॉइल ६.४ मायक्रोहेन्रीची आहे. फरक बरोबर २५.४ पटींचा. सेंटिमीटरमध्ये काम करायचे असेल तर वरच्या भागाला ०.३९४ने गुणावे, तेवढेच पुरते. कुठल्याही हिशेबात उत्तर २५ पट चुकले असे दिसले तर आधी इंच शोधावा.

सेंटिमीटरवरून आठवले. जुन्या, विशेषतः जर्मन रेडिओ-पुस्तकांत कॉइलचा इंडक्टन्स चक्क सेंटिमीटरमध्ये दिलेला आढळतो. ती छपाईची चूक नव्हे. तेव्हाच्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत विद्युतचुंबकीय मापाने इंडक्टन्सचे परिमाण लांबीचेच येते, आणि त्यातला एक सेंटिमीटर, म्हणजे एक अ‍ॅबहेन्री, म्हणजे आजचा नेमका एक नॅनोहेन्री. २,००,००० सेंटिमीटरची कॉइल म्हणजे २०० मायक्रोहेन्री. मध्यम लहरीच्या रेडिओला साजेसाच आकडा. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी एवढे रूपांतर लक्षात ठेवावे.

स्विचिंग सप्लायच्या डिझाइनमध्ये शून्ये मोजण्यापेक्षा एकके जुळवून घेतलेली बरी. व्होल्ट गुणिले मायक्रोसेकंद भागिले अँपिअर म्हणजे थेट मायक्रोहेन्री. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे आहेत, भार २ अँपिअर, स्विचिंग ५०० किलोहर्ट्झ. एक चक्र २ मायक्रोसेकंदांचे. त्यातला ५ भागिले १२ इतका भाग, म्हणजे ०.८३३ मायक्रोसेकंद, स्विच चालू. तेवढा वेळ इंडक्टरवर १२ उणे ५, म्हणजे ७ व्होल्ट. सात गुणिले ०.८३३ म्हणजे ५.८३ व्होल्ट-मायक्रोसेकंद. रिपल, म्हणजे प्रवाहातला चढउतार, भाराच्या ३० टक्के, म्हणजे ०.६ अँपिअर चालेल असे धरले तर ५.८३ भागिले ०.६, उत्तर ९.७ मायक्रोहेन्री, बाजारात मिळणारा जवळचा आकडा १०. संपूर्ण हिशेबात दहाचा एकही उणे घात आला नाही. फ्रीक्वेन्सीचे सूत्र वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की किलोहर्ट्झ घातले तर उत्तर मिलिहेन्रीत येते आणि मेगाहर्ट्झ घातले तर मायक्रोहेन्रीत.

या जागी चुकून १ मायक्रोहेन्री बसला तर रिपल ५.८ अँपिअरचा होतो. प्रवाहाचे शिखर पाच अँपिअरला टेकते, कोअर संपृक्त होतो (चुंबकत्व आणखी वाढू शकत नाही), आयसीची प्रवाहमर्यादा पुन्हा पुन्हा लागते, सप्लाय उचक्या दिल्यासारखा चालू-बंद होतो आणि कॉइल तापते. उलट १०० मायक्रोहेन्री बसला तर वरवर सगळे ठीक दिसते, आणि म्हणूनच ही चूक जास्त दिवस लपते. त्याच आकाराच्या १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये तार बारीक, रोध जास्त आणि संपृक्त होण्याचा प्रवाह कमी असतो. टेबलावर भाराविना बोर्ड चालतो, पूर्ण भारावर कोअर संपृक्त होतो. शिवाय रिपल ०.०६ अँपिअरपर्यंत घसरल्यामुळे प्रवाह मोजून चालणाऱ्या कंट्रोलला पुरेसा उतार मिळत नाही आणि स्विचिंग थरथरू लागते.

ट्यून केलेल्या सर्किटसाठी एक आकडा पाठ असू द्यावा: २५,३३०. मायक्रोहेन्री गुणिले पिकोफॅरड बरोबर २५,३३० भागिले मेगाहर्ट्झचा वर्ग. संपर्काविना चालणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डासाठी हा गुणाकार १३७.८ येतो, १०० पिकोफॅरड लावले तर कॉइल १.३८ मायक्रोहेन्रीची हवी. ऑफिसच्या दारावरची १२५ किलोहर्ट्झची कार्डे दिसायला तशीच, पण फ्रीक्वेन्सी १०८ पटींनी कमी, म्हणून गुणाकार जवळपास १२,००० पटींनी मोठा: ४,७०० पिकोफॅरडला ३४५ मायक्रोहेन्री. इथे १२५ला मेगाहर्ट्झ समजून घातले तर उत्तराचा ताळमेळच राहत नाही. दोष शोधणाऱ्यांसाठी यातून एक उपयोगी खूण निघते. फ्रीक्वेन्सी वर्गमुळाने बदलते, म्हणून मोजलेली फ्रीक्वेन्सी हिशेबापेक्षा ३.१६ पटींनी चुकत असेल तर इंडक्टन्स किंवा कपॅसिटन्स दहापटीने चुकलेला आहे, आणि ३१.६ पटींनी चुकत असेल तर कुठे तरी मिलि-मायक्रो-नॅनोचा घोळ आहे.

मोजणीबद्दलही लिहायला हवे, कारण 'मीटरवर बघितले' हे उत्तर पुरेसे नसते. बऱ्याच स्वस्त मीटरची सर्वांत खालची रेंज २ मिलिहेन्रीची असते आणि पडद्यावर मिलिहेन्री दिसतात. १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर तिथे ०.०१० असा दिसतो; शेवटचा अंक एका मायक्रोहेन्रीचा, म्हणजे वाचनातच १० टक्क्यांची धूसरता. मीटर १०० हर्ट्झवर मोजतो की १०० किलोहर्ट्झवर हेही पाहावे: १०० हर्ट्झवर १० मायक्रोहेन्रीचा प्रतिरोध अवघा ०.००६ ओहम, तो तारेच्या रोधात हरवून जातो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या, १० सेंटिमीटर लांब सरळ तारेचा स्वतःचा इंडक्टन्स सुमारे ११९ नॅनोहेन्री असतो. अशा तारांनी २२० नॅनोहेन्रीचा भाग मोजला तर अर्धे मोजमाप तारेचेच. मोजण्याआधी टोके एकत्र जोडून मीटरची शून्य-दुरुस्ती करावी, आणि भाग मोजताना तारा हलवू नयेत.

एक रूपांतर तर करूच नये. गोंगाट जिरवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या फेराइट बीडच्या माहितीत '६०० ओहम, १०० मेगाहर्ट्झ' असे लिहिलेले असते. त्याला दोन पाय (२ गुणिले ३.१४) गुणिले फ्रीक्वेन्सीने भागून ०.९५ मायक्रोहेन्री असे उत्तर काढणारे आढळतात. पण १०० मेगाहर्ट्झला बीडचा प्रतिरोध मुख्यतः रोधासारखा असतो, तो गोंगाट उष्णतेत जिरवतो. त्या आकड्याला हेन्रीत बसवून फिल्टरचे गणित केले तर ते चुकणारच. उलट दिशेची चूकही होते: बीड संपले म्हणून १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर लावला जातो, तो शेजारच्या कपॅसिटरशी जुळून घुमू लागतो आणि गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो.

कारखान्यांच्या खरेदी विभागांना, डिझाइन करणाऱ्यांना आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना आमचे मागणे साधे आहे. यादीच्या एका फाइलीत इंडक्टन्स एकाच एककात लिहावा. पॉवरच्या बोर्डाला मायक्रोहेन्री, आरएफच्या बोर्डाला नॅनोहेन्री, ०.०१ मिलिहेन्री आणि १०,००० नॅनोहेन्री एकाच पानावर नकोत. एकक आकड्याला चिकटवून न लिहिता त्याचा वेगळा रकाना ठेवावा. त्याशेजारी अंगावरचा कोड, सूट, संपृक्त होण्याचा प्रवाह आणि मोजणीची फ्रीक्वेन्सी असे रकाने असावेत. कोडचा रकाना असला की ४७० आणि ४७१ यांतली गल्लत जुळवणीच्या टेबलावरच पकडली जाते. कॉइल गुंडाळून देणाऱ्याला नुसते वेढे सांगू नयेत. कोअरचे नाव, ए-एल आणि तो कोणत्या मापात आहे ते, तारेचे गेज आणि अपेक्षित मायक्रोहेन्री हे सगळे एका चिठ्ठीवर द्यावे, म्हणजे त्यालाही आपले काम तपासता येते. प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थ्याने एककाशिवाय आकडा लिहिला तर शिक्षकांनी त्याचे गुण कापावेत. पुढे नोकरीत त्याच चुकीची किंमत कितीतरी जास्त असते.

आणि नवी रील आली की मशीनवर चढवण्यापूर्वी तिच्यातले पाच इंडक्टर काढून, सप्लाय ज्या फ्रीक्वेन्सीवर चालणार तिच्या जवळपासच्या फ्रीक्वेन्सीवर मोजावेत आणि तो आकडा, एककासकट, रीलवरच्या लेबलाशेजारी पेनाने लिहून ठेवावा.

कळावे,
आपले वाचक,
इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन क्षेत्रातील काही मंडळी,
ठाणे व नवी मुंबई